मिसेस वॉलेस रीड

लग्न झालं की आपलं नाव बदलतं. आडनाव तर जातंच, काही घरांत पहिलं नावही तांदळाच्या ताटात नव्यानं लिहिलं जातं. मग लग्नपत्रिकेवर, हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर, भिशीच्या वहीत आपण 'सौ. अमुक' होऊन जातो. चालत आलेलं आहे म्हणून आपणही ते फारसं मनावर घेत नाही. पण आज मी जिच्याबद्दल लिहिणार आहे, तिनं नवऱ्याचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत लावलं ते तो गेल्यावर. आणि तो गेला होता कशानं? तर मॉर्फिनच्या व्यसनानं. जे नाव घरच्यांनी लाजेनं खाली मान घालून घ्यायचं, ते तिनं पडद्यावर झळकवलं. हॉलिवूडच्या मूकपटांच्या काळातली ही बाई, डोरोथी डॅव्हनपोर्ट, म्हणजेच मिसेस वॉलेस रीड.

आमच्या मंडळाच्या व्यसनमुक्तीच्या कामासाठी मी या विषयावरचे जुने चित्रपट शोधत होते. अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत गांजा, कोकेन, अफू यांवर स्वस्तातल्या चित्रपटांची एक लाटच आली होती. भडक नावं, भडक पोस्टरं, आणि वर 'समाजाच्या भल्यासाठी' अशी मखलाशी! त्या गर्दीत एका दिग्दर्शिकेचं नाव 'मिसेस' असं लावलेलं दिसलं आणि माझं कुतूहल चाळवलं. तिची माहिती काढत गेले, तेव्हा त्या चित्रपटांपेक्षा तिचंच आयुष्य जास्त विलक्षण वाटलं.

डोरोथीचा जन्म १३ मार्च १८९५ चा, बोस्टन शहरातला. घराणं नाटकवाल्यांचं. आजोबा एडवर्ड डॅव्हनपोर्ट रंगभूमीवरचे मोठे नट, आत्या फॅनी डॅव्हनपोर्ट नामांकित अभिनेत्री. वडील हॅरी डॅव्हनपोर्ट तर आपल्यापैकी काहींनी पाहिलेलेही असतील. 'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या गाजलेल्या चित्रपटातले म्हातारे डॉक्टर मीड म्हणजे तेच. आई अॅलिसही मूकपटांतल्या विनोदी भूमिकांसाठी ओळखली जायची. अशा घरातल्या मुलीनं तोंडाला रंग लावला नसता तरच नवल! डोरोथी विशीच्या आतच सिनेमात स्थिरावली, आणि तिथेच तिला वॉलेस रीड भेटला.

उंचापुरा, देखणा, हसतमुख वॉलेस तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. अनेक वाद्यं वाजवणारा आणि गाडी वेगात पळवण्याचा भारी षौक असलेला. १३ ऑक्टोबर १९१३ ला दोघांचं लग्न झालं, तेव्हा ती फक्त अठरा वर्षांची होती, आणि गंमत म्हणजे त्या वेळी नाव तिचं जास्त होतं. पुढे १९१५ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटातल्या लोहाराच्या छोट्या भूमिकेत वॉलेस लोकांच्या नजरेत भरला आणि बघता बघता मोठा नट झाला. मोटार शर्यतींवरच्या त्याच्या चित्रपटांनी तर अमेरिकेतल्या तरुणांना वेड लावलं. १९१७ मध्ये मुलगा झाला आणि डोरोथीनं काम कमी केलं. आपल्याकडे होतं तसंच, नाही का? एकाचं चांगलं चालू लागलं की दुसरीनं घर बघायचं.

१९१९ मध्ये 'द व्हॅली ऑफ द जायंट्स' या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी सगळी मंडळी रेल्वेनं जंगलाच्या भागात निघाली होती. वाटेत गाडीला अपघात झाला आणि वॉलेसला जबर मार लागला. खरं म्हणजे त्यानं अंथरुणावर पडून राहायला हवं होतं. पण नट पडून राहिला तर चित्रीकरण थांबतं आणि थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च कंपनीच्या अंगावर येतो. म्हणून वेदना कळू नयेत यासाठी त्याला मॉर्फिनची इंजेक्शनं देण्यात आली आणि तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

मॉर्फिन अफूपासून बनतं. असह्य वेदनेवर ते खरंच गुणकारी आहे, आजही मोठ्या शस्त्रक्रियांनंतर आणि कॅन्सरच्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देतात. पण देखरेखीशिवाय घेत राहिलं की शरीराला त्याची सवय लागते. कालची मात्रा आज पुरत नाही. बंद केलं तर अंग मोडून येतं, उलट्या होतात, झोप उडते, घाम फुटतो. माणूस मग सुखासाठी ते घेत नाही, नुसतं उभं राहता यावं म्हणून घेतो. वॉलेसचं तेच झालं. अपघातानंतरही त्याला विश्रांती मिळालीच नाही. वर्षाला सात-सात, आठ-आठ चित्रपट चालूच होते. सोबतीला दारूही आली. ज्या माणसावर लाखो रुपयांची उलाढाल चालते त्याला जरा थांब म्हणणारं भोवती कुणी नसतं.

१९२२ उजाडलं तेव्हा तो पुरता खंगला होता. सिनेसृष्टीचीही त्या वेळी भयंकर बदनामी झाली होती. आधीच्या वर्षी एका लाडक्या विनोदी नटावर तरुणीच्या मृत्यूचा खटला उभा राहिला होता (तो पुढे निर्दोष सुटला), आणि फेब्रुवारीत एका दिग्दर्शकाचा खून झाला होता. त्यामुळे निर्मात्यांनी विल हेज नावाच्या बड्या राजकारण्याला आणून आपल्या धंद्याची अब्रू सांभाळायला बसवलं होतं. अशा वेळी अमेरिकेचा लाडका नायक मॉर्फिनच्या आहारी गेलाय ही बातमी कुणाला परवडणार होती?

वॉलेसला सॅनिटोरियममध्ये ठेवलं. दारं बंद, तोंडं बंद. बाहेर नाही नाही त्या वावड्या उठू लागल्या. आणि डिसेंबर १९२२ मध्ये डोरोथीनं स्वतःहून पत्रकारांना खरं काय ते सांगून टाकलं. नवरा आजारी आहे, त्याला व्यसन लागलंय, ते कसं लागलं, आणि तो त्यातून सुटायची धडपड करतोय, हे सगळं.

मैत्रिणींनो, आजपासून शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. अमेरिकेत १९१४ पासून अफू आणि कोकेनवर कायद्यानं कडक बंधनं आली होती, आणि व्यसनी माणूस म्हणजे रुग्ण नव्हे, गुन्हेगार, अशीच समजूत पसरत होती. त्या काळात सत्तावीस वर्षांच्या बाईनं हे बोलावं! दारुड्या नवऱ्याबरोबर दिवस काढणाऱ्या कितीतरी जणी मी आमच्या कामात जवळून पाहते. त्यांचं मोठं ओझं नवऱ्याच्या दारूचं नसतंच, ते लपवण्याचं असतं. शेजारी विचारलं की पित्त झालंय म्हणायचं, दीर आले की दौऱ्यावर गेलेत म्हणायचं, मुलांना शाळेत काय सांगायचं ते पढवायचं. या लपवाछपवीत बाई नवऱ्याआधी थकून जाते. डोरोथीनं ते ओझं एका फटक्यात खाली ठेवलं.

वॉलेस मात्र वाचला नाही. १८ जानेवारी १९२३ रोजी तो सॅनिटोरियममध्येच गेला. वय अवघं एकतीस. घरी साडेपाच वर्षांचा मुलगा आणि दत्तक घेतलेली छोटी मुलगी.

आता या बाईनं काय करावं असं तुम्हाला वाटतं? तिनं चित्रपट काढला! थॉमस इन्स या निर्मात्याबरोबर, नवऱ्याच्या मृत्यूनंतर अवघ्या पाच महिन्यांत, जून १९२३ मध्ये 'ह्यूमन रेकेज' प्रदर्शित झाला. उद्ध्वस्त माणसं, असा नावाचा अर्थ. मॉर्फिनच्या विळख्यात सापडलेला वकील, व्यसनात बुडालेली गरीब तरुण आई, अशी त्यातली पात्रं. वकिलाच्या बायकोची भूमिका स्वतः डोरोथीनं केली. पडद्यावर अमली पदार्थ दाखवायला हेज साहेबांचा विरोध होता, पण या बाईसाठी अपवाद केला गेला. लॉस एंजलिसचे महापौर, पोलीसप्रमुख, विद्यापीठाचे अध्यक्ष, साल्व्हेशन आर्मीचे अधिकारी, पालक-शिक्षक संघाच्या बाई अशी खरीखुरी माणसं चित्रपटात दिसली. जाहिरातीत डोरोथी डॅव्हनपोर्ट हे नाव नव्हतं. होतं ते मिसेस वॉलेस रीड. चित्रपट घेऊन ती गावोगाव हिंडली, पडद्यासमोर उभी राहून बोलली.

लोकांनी गर्दी केली. टीकाही झाली. नवऱ्याच्या चितेवर पोळी भाजून घेतली, अशा अर्थाचं बोलणारेही होतेच. इंग्लंडच्या सेन्सॉरनं तर १९२४ मध्ये त्याला परवानगीच नाकारली. आज या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही, म्हणून तो कसा होता ते आपण पाहू शकत नाही. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यातल्या वकिलाला व्यसन लागतं ते डॉक्टरनं दिलेल्या औषधातून. काळोख्या गल्लीतला कुणी राक्षस येऊन त्याला बिघडवत नाही. घरात जे घडलं तेच तिनं मांडलं होतं.

लोकांनी टीका केली त्यात तथ्य काहीच नव्हतं का? तिला दोन मुलं सांभाळायची होती, पोट भरायचं होतं. दुःखही खरं होतं आणि तिकीटही विकलं जात होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, असं मला वाटतं. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, की या वेळी ती स्वतःच्या घरची गोष्ट सांगत होती.

पुढच्या वर्षी तिनं 'ब्रोकन लॉज' हा चित्रपट केला. लाडावलेल्या मुलाची आणि त्याच्या चुका पोटात घालणाऱ्या आईची ती गोष्ट होती. आणि १९२५ मध्ये आला 'द रेड किमोना'. यावर तिनं सगळा जीव ओतला. पटकथा डोरोथी आर्झनर या बाईंची, ज्या पुढे हॉलिवूडच्या मोठ्या दिग्दर्शिका झाल्या. मूळ गोष्ट अडेला रॉजर्स सेंट जॉन्स या नावाजलेल्या पत्रकार बाईंची. म्हणजे बायकांनी मिळून बाईबद्दल काढलेला चित्रपट. गोष्ट अशी: एक मुलगी लग्नाच्या आमिषाला भुलून वेश्यावस्तीत पोचते. ज्यानं तिला तिथे नेलं तोच माणूस दुसरीसाठी लग्नाची अंगठी घेताना तिला दिसतो आणि ती त्याला गोळी घालते. खटल्यातून सुटते, पण समाज तिला सोडत नाही.

हा चित्रपट टिकून आहे, मी तो पाहिला. सुरुवातीला खुद्द डोरोथी दिसते, जुन्या वर्तमानपत्रांची फाईल उघडून बसलेली. ही गोष्ट खरी आहे, हे ती आपल्याला दाखवते. आणि खरंच ती खरी होती! त्या बाईवर लॉस एंजलिसमध्ये खटला चालला होता, आणि ती निर्दोष सुटली होती. चित्रपटात नायिकेचं नावही तेच ठेवलं होतं, जे त्या बाईचं खरं नाव होतं.

इकडे त्या बाईनं १९१९ मध्ये लग्न केलं होतं. तिच्या तक्रारीत म्हटलंय की जुनं आयुष्य मागे टाकून ती संसार करत होती, ओळखीच्या माणसांना तिच्या भूतकाळाचा पत्ता नव्हता. आणि अचानक गावातल्या थिएटरवर तिचंच नाव घेऊन तिचीच कहाणी लागली. कल्पना करा... शेजारीण सिनेमा पाहून येते आणि दुसऱ्या दिवशी बोलायची बंद होते.

त्या बाईनं पन्नास हजार डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला. खालच्या कोर्टानं तो फेटाळला, पण १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं तिचं म्हणणं ग्राह्य धरलं. कोर्टाच्या कागदपत्रांत जे आलं ते सार्वजनिक आहे, ते कुणीही वापरावं. पण सुधारलेल्या बाईचं खरं नाव लावून तिला पुन्हा चव्हाट्यावर आणायचं काही कारण नव्हतं, सुखानं जगायचा प्रयत्न करण्याचा हक्क तिलाही आहे, असा त्या निकालाचा आशय. 'मेल्विन विरुद्ध रीड' नावाचा हा खटला खासगीपणाच्या हक्काबद्दल आजही अभ्यासला जातो. त्या बाईचं पूर्ण नाव पुस्तकांत सापडतं. मी ते इथे मुद्दामच लिहीत नाही.

मला सगळ्यात बोचलं ते वेगळंच. त्याच चित्रपटात एक श्रीमंत समाजसेविका आहे. ती या गरीब मुलीला घरी नेते, मैत्रिणींना बोलावून तिचं प्रदर्शन मांडते, आणि हौस फिटली की वाऱ्यावर सोडते. आपल्या डोरोथीनं अशा बायकांना पडद्यावर चांगलंच उघडं पाडलंय. आणि त्याच वेळी, नकळत असेल, पण तेच तीही करत होती! वॉलेसची गोष्ट सांगायचा हक्क तिचा होता, कारण ते दुःख तिनं सोसलं होतं. या बाईची गोष्ट सांगताना तिला विचारायला हवं होतं, निदान नाव बदलायला हवं होतं. हेतू चांगला असला की विचारायची गरज नाही, असं आपल्याला फार पटकन वाटतं. आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका मेळाव्यात 'ही पाहा आमची ताई, हिनं किती सोसलं' म्हणून कुणाला तरी पुढे उभी करतो, फोटो काढतो. तिला विचारतो का, बाई गं, चालेल का तुला?

खटला चालू असतानाच काळ बदलला. बोलपट आले, १९२९ मध्ये अमेरिकेत मंदी आली. डोरोथीच्या वाट्याला आता मोठे स्टुडिओ नव्हते. विलिस केंट नावाच्या निर्मात्याकडे तिनं काम धरलं. हा माणूस थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट काढायचा. त्याच्यासाठी १९३४ मध्ये तिनं मेल्व्हिल शायरबरोबर 'द रोड टू रुइन' दिग्दर्शित केला. शाळकरी मुलगी दारू, गांजा, पार्ट्या यांत कशी घसरत जाते आणि शेवटी गर्भपातानं कशी मरते, अशी गोष्ट. केंटनंच १९२८ मध्ये काढलेल्या मूकपटाची ही बोलकी आवृत्ती, नायिकाही तीच, हेलन फोस्टर. पाटीवर नाव अर्थातच मिसेस वॉलेस रीड. अकरा वर्षांपूर्वी जे नाव साक्षीसारखं होतं, ते आता सर्टिफिकेटासारखं झालं होतं. ते लावलं की बटबटीत चित्रपटालाही जरा इभ्रत येई.

हा धंदा कसा चालायचा तेही सांगते. जुलै १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, आणि मोठ्या कंपन्यांना अमली पदार्थांचा विषय बंद झाला. मग या छोट्या निर्मात्यांचं फावलं. मोटारीत चित्रपटाची रिळं टाकायची, गावात एखादं थिएटर भाड्यानं घ्यायचं, 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लावायची, चार दिवस गल्ला जमवायचा आणि पुढच्या गावी निघायचं. सुरुवातीला पडद्यावर उपदेशाचा मजकूर यायचा, म्हणजे पोलिसांचं तोंड बंद. ड्वेन एस्पर नावाच्या एकानं तर १९३३ मध्ये आपल्या 'नार्कोटिक' चित्रपटाच्या वेळी थिएटरच्या दाराशी खरंखुरं वाळलेलं प्रेत ठेवलं होतं, व्यसनी माणसाचं म्हणून! प्रत्यक्षात ते १९११ मध्ये गोळीबारात मेलेल्या एका दरोडेखोराचं होतं.

या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध चित्रपट म्हणजे १९३६ चा 'रीफर मॅडनेस'. त्यात गांजाचे चार झुरके मारले की माणसं खून करतात, वेडी होतात. १९७० च्या दशकात कॉलेजच्या पोरांनी तो पुन्हा शोधून काढला, आणि पाहून पोट धरधरून हसली. मला वाटतं, यात आपल्याला धडा आहे. खोटी भीती दाखवली की मुलं ओळखतात, आणि मग खऱ्या धोक्याचं सांगितलेलंही ऐकत नाहीत. डोरोथीच्या पहिल्या गोष्टीवर कुणी हसल्याचं माझ्या वाचनात नाही. कारण त्यात तिचा नवरा होता.

पुढचं आयुष्य तिनं पडद्यामागे काढलं. निर्मिती, पटकथा, संवादांची देखरेख असं मिळेल ते काम केलं. १९४९ चा 'इम्पॅक्ट', १९५१ चा 'ऱ्हुबार्ब', १९५५ चा 'फूटस्टेप्स इन द फॉग' अशा चित्रपटांच्या लेखनात तिचं नाव आहे, ते डोरोथी रीड म्हणून. १९५६ पर्यंत, म्हणजे साठी गाठेपर्यंत, ती कामच करत होती. दुसरं लग्न तिनं केलं नाही. १२ ऑक्टोबर १९७७ ला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ती गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या लग्नाला चौसष्ट वर्षं झाली असती. त्यातली वॉलेसच्या सोबतीनं मिळाली फक्त नऊ.

तिला देवी करायची गरज नाही. तिनं एका बाईवर अन्याय केला, पोटासाठी हलके चित्रपटही केले. पण १९२२ च्या त्या डिसेंबरात तिनं जे केलं, ते आजही आपल्यातल्या फार थोड्या जणींना जमतं. घरात कुणाला व्यसन असेल तर ते आजारपण समजून निदान एका विश्वासाच्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जा, वेळेवर जा. आणि दुसरीच्या घरचं कळलं, तर ते तिच्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर नेऊ नका.